एकाच छताखाली

“यातला तुमच्या सुनेचा टूथब्रश कुठला?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“निळा,” सासूबाई म्हणाल्या. “बघा ना त्याची अवस्था. दात घासते की कढई खरवडते, देव जाणे.”

तपासनीस बाईंनी निळ्या ब्रशवरून अंगठा फिरवला. ओला होता. त्यांनी फॉर्मवर खूण केली आणि ब्रशांचा पेला होता तिथे ठेवून दिला.

महिन्यापूर्वी आलेल्या पत्रात सगळं स्पष्ट लिहिलं होतं. परदेशी पत्नी आणि तिची हमी घेणारा नवरा एकाच छताखाली राहतात अशी खात्री पटली, तर तिला कायमचा परवाना. नाही पटली, तर तीस दिवसांत देश सोडायचा. सासूबाईंनी ते सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मग घडी घालत म्हणाल्या होत्या, “तू कुठेही जात नाहीस. बघतेच कोण नेतं तुला.”

सासूबाईंची तीस वर्षं शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली होती. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं आणि जे सांगायचं ते खरंच सांगायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. सुनेलाही तसंच बजावलं होतं.

“आजी, जरा कपाट उघडता?”

“आजी कोणाला म्हणताय? नातवंड यायचंय अजून.”

“बरं, काकू.”

कपाटात डावीकडे सुनेचे कपडे होते, उजवीकडे हँगरला शर्ट. तपासनीस बाईंनी सुनेचा एकेक कपडा काढून पाहिला. एका कुडत्याच्या खिशात दवाखान्याचं ओळखपत्र निघालं. सून तिथे एक्स-रे काढायची.

“परवा अख्खं घर पालथं घातलं या ओळखपत्रासाठी,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या गादीखालीसुद्धा शोधून झालं. शर्टही काढू का खाली?”

“मुलाचं राहू द्या हो. तो तर इथलाच. आम्हाला बघायचं असतं ते बाहेरून आलेल्या माणसाचं. नुसती पत्त्यापुरती राहणारी माणसं फार झालीत.”

“झालीत खरी,” सासूबाई म्हणाल्या.

“आहेत कुठे चिरंजीव?”

“कामावर. सकाळी आठची पाळी असते.”

“आजच्या दिवशीही?”

“तो असून काय उपयोग? चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे विचाराल, तर तोंडाकडे बघत बसेल.”

तपासनीस बाई हसल्या. “आमच्याकडेही तेच.”

मग सासूबाईंना गॅलरीत पाठवून त्यांनी सुनेला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. गॅलरीचं दार पातळ होतं. सासूबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. कठडा दोन्ही हातांनी गच्च धरल्याचं त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता?”

“खिडकीकडे. मला हवा लागते.”

“नवरा घोरतो का?”

सून जरा थांबली. “तो नाही. आई घोरतात. दोन भिंती पार करून येतं.”

गॅलरीचं दार धाडकन उघडलं. “मी घोरते? आणि तू सकाळी दार आपटून जातेस ते?”

“आपटते कारण दार फुगलंय! सुताराला बोलवा, सुताराला बोलवा, माझं तोंड दुखलं सांगून!”

“सुतार काय माझ्या खिशात आहे?”

“नंबर तुमच्याच डायरीत आहे. डायरी मला कुठे हात लावू देता?”

“लावशील कशी? मागच्या वेळी तिच्यावर चहा सांडलास!”

“अर्धा कप, आई! अर्धा कप! वर्षभर ऐकतेय!”

तपासनीस बाईंचं पेन थांबलं होतं. “मराठी फर्डं बोलता तुम्ही. कोणी शिकवलं?”

“आईंनी.”

“तरीच.” त्या सासूबाईंकडे वळल्या. “काकू, आता एकच सांगा. ही खरंच इथे राहते?”

“राहते का?” सासूबाईंचा आवाज चढला. “तीन वर्षं माझ्या डोक्यावर बसलीय ही बया. माझ्या गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवते, जशी मी बालवाडीत आहे. मला न्यूमोनिया झाला तेव्हा चार दिवस खुर्ची सोडली नाही हिने, आणि वर मलाच दटावत होती. आणि हिने कुठे राहायचं ते तुम्ही ठरवणार? एका फॉर्मवरून? तुमच्या फॉर्मात याला रकाना आहे का? नसेल तर समासात लिहा. पण लिहा.”

सून खाली मान घालून स्टुलाची कड नखाने खरवडत राहिली.

“वीस वर्षं हे काम करतेय मी,” तपासनीस बाई म्हणाल्या. “गोडगोड बोलणारी घरं पाहिली की मला आधी संशय येतो. असलं भांडण काही पाठ करून येत नाही.”

त्यांनी पिशवीतून शिक्का काढला, फुंकर मारली आणि फॉर्मवर दाबला. जाताना फुगलेलं दार ओढायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत सून जागची हलली नाही. मग तिने तोंडावर हात घेतले. सासूबाईंनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, डोक्यावर एक टपली मारली आणि फोन लावला.

मुलाने लगेच उचलला. “काय झालं, आई?”

“शिक्का बसला. कायमचा.”

“हुश्श! मग आज पाळी सुटली की येऊ का घरी? जेवायलाच येतो.”

“ये. पण बेल वाजव, आणि दार उघडायचं की नाही ते तुझ्या बायकोला ठरवू दे,” सासूबाई म्हणाल्या. “तू त्या दुसऱ्या बाईकडे राहायला गेलास त्याला दीड वर्ष झालं. या घरात आम्ही दोघी राहतो.”