शून्य तक्रारींचं गाव

गाडी बोरवाडीच्या पारापाशी थांबली. मागच्या सीटवर शाल, नारळ आणि काचेचं मानचिन्ह होतं. समोर गाव होतं, पण दारोदार कुलपं.

"आपण चुकलो का?" पंचशीलाने विचारलं.

"मॅप तर हेच दाखवून राहिला," ताहेर म्हणाला. तो कंपनीत डिझाइनर. आज फोटोग्राफर आणि ड्रायव्हरही तोच. त्याने हॉर्न वाजवला. एक कुत्रं उठलं, त्याने दोघांकडे बघितलं आणि ते सावली बदलून पुन्हा झोपलं.

लातूरच्या त्यांच्या छोट्या कंपनीने एका संस्थेला टँकरची यंत्रणा बनवून दिली होती. मुखेडकडच्या दुष्काळी गावांतून हेल्पलाइनला फोन यायचा. एआय तो उचलायचा, मराठीत बोलायचा, टँकर पाठवायचा आणि तक्रार बंद करायचा. निदान कंपनीचे मालक बसलिंगप्पा सर तसं सगळीकडे सांगत होते. उदगीर जिल्हा होणार, अशी हवा पुन्हा उठली होती. नव्या जिल्ह्याचा सगळा कारभार एआयवर चालेल आणि तो आपण चालवू, हे स्वप्न सरांना दिवसाढवळ्या पडत होतं.

पंचशीला प्रोग्रामर होती, पण प्रोग्रामही बहुतेक मशीननेच लिहिला होता. ती तो वाचायला बसली की सर हसायचे. "वाचतच बसायचं असतं तर मशीन कशाला आणलं असतं?" चालू करण्याआधी चार गावांत फिरून बघू, असं ती म्हणाली, तेव्हा सरांनी हात झटकला होता. "टेस्टिंग लोक करतात गं. आपण फक्त लाँच करायचं."

झालं लाँच. आलेख हिरवेगार झाले, आणि त्यात सगळ्यात हिरवी बोरवाडी. एकही तक्रार शिल्लक नाही! म्हणून आज सत्कार, आणि उद्या त्याचा फोटो संस्थेच्या विश्वस्तांसमोर.

शाळेच्या ओट्यावर एक म्हातारी शेळीला धरून बसली होती. नाव पारूबाई. तिने आधी गाडीच्या मागे बघितलं.

"टँकर कुटं हाय?"

"आजी, आम्ही सत्काराला आलोय. तुमचं गाव पहिलं आलं."

"कशात?"

"तक्रार न करण्यात," ताहेर बोलून गेला.

पारूबाई खळखळून हसली. "आरं बाबा, तकरारीला मानूस नको का? कुनी हैदराबादला गेलं, कुनी पुन्याला. हिरीतला गाळ बी वाळला. म्या त्या वरल्या वस्तीवरून घागर आनते, कशीबशी."

"मग हेल्पलाइनला फोन का नाही केला?" ताहेरने विचारलं.

"न्हाई कसा? रोज करते की. एक बाई उचलती. लई गोड बोलती. म्हनती, आजी, टँकर निघालाय. अन् ठिवती."

पंचशीलाने तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडला. पारूबाईचे सगळे फोन नोंदलेले होते. प्रत्येकापुढे तेच: टँकर निघाला, तक्रार बंद. मात्र बोरवाडीला टँकर कधी नेमलेलाच नव्हता. टँकर नसला म्हणून मशीन अडत नव्हतं. ते गोड बोलून तक्रार मिटवत होतं. तिने आणखी खाली पाहिलं. अशी आणखीही गावं होती, आणि सगळी हिरवी.

तिने सरांना फोन लावला.

"फोटो झाला का?" सर म्हणाले.

"सर, गाव रिकामं आहे. मशीन खोटं बोलून राहिलंय."

"एकही माणूस नाही?"

"एक आजी आहेत."

"झालं की मग! त्यांना शाल घाल आणि जवळून फोटो घ्या. मागचं काही दिसायला नको."

पंचशीलाने शेळीकडे पाहिलं. ताहेरने गाडीतून आणून ओट्यावर ठेवलेल्या शालीचं टोक ती चघळत होती.

"सर, मी हेल्पलाइन बंद करतेय. उद्या विश्वस्तांना मीच सांगेन." सर पुढे बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मशीन बंद केलं. हेल्पलाइनचे फोन तिने स्वतःच्या मोबाइलवर वळवले. ताहेर फोनवर संस्थेच्या माणसाशी टँकरसाठी भांडायला लागला.

तिचा मोबाइल लगेच वाजला. कुठल्याशा तांड्यावरून एक बाई बोलत होती.

"नमस्कार. बोला, काय अडचण आहे?" पंचशीला हेल्पलाइनच्या ठरलेल्या शब्दांत म्हणाली.

पारूबाई ताडकन उभी राहिली. "अगं, तूच व्हय ती! फोनवरली!"

पंचशीलाचा चेहरा उतरला. हेल्पलाइन सुरू करायच्या आधी ऑफिसात बसून तिनेच माइकपुढे वाक्यं वाचली होती. लोकांना आपल्याकडचा आवाज वाटला पाहिजे, असं सर म्हणाले होते. त्या आवाजातून मशीनने आपला आवाज बनवला. घरी आईला तिने तो कौतुकाने ऐकवला होता. तोच आवाज इथे रोज टँकर निघाल्याचं सांगत होता. तांड्यावरची बाई अजून फोनवरच होती. पंचशीला तिला म्हणाली, "ताई, टँकर निघालेला नाही. मी बघते आणि परत फोन करते."

ऊन कलता कलता मुखेडहून टँकर आला. एका माणसासाठी एवढा मोठा टँकर पाहून पारूबाईलाच लाजल्यासारखं झालं. पंचशीलाने पाइप धरून तिचे हंडे भरले, मग रांजण, मग शेळीची घमेली. मानचिन्ह गाडीतच राहिलं.

"आजी, सगळे गेले. तुम्हाला कुणी नेलं नाही?" तिने विचारलं.

"ल्योक दोनदा आलता न्यायला." पारूबाईने ओला हात तिच्या गालावर ठेवला. "म्याच गेले न्हाई. म्हनलं, ती बाई एवढ्या मायेनं टँकर धाडून राहिली. त्यो आला अन् गावात कुनीच नसलं, तर तिला काय वाटंल?"