कार्डावरचा लाल ठिपका

“चार कार्डांवर लाल ठिपका आहे,” नव्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. “म्हणजे काय असेल हो?”

शाळेचे कारकून फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, “पुस्तकं बुडवणारी पोरं असतील. दुसरं काय?”

पटण्यासारखंच होतं. जुन्या ग्रंथपालबाई निवृत्त होऊन मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या, त्या दहा मिनिटांत किल्ल्या सोपवून. “कार्डांवर खुणा आहेत, त्या बघून चाल,” एवढंच बोलल्या होत्या. आणि मुख्याध्यापिकांनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती: वर्षअखेरच्या मोजणीत एकही पुस्तक कमी भरलं नाही तरच नोकरी कायम. नाहीतर दुसरी शाळा शोधा.

वर्ष कसलं, नाकीनऊ आणणारं प्रकरण होतं ते. साडेसहाशे मुलं, एक खोली आणि कपाटभर फाटकी पुस्तकं. बाई रोज डिंकाने चिकट झालेले हात घेऊन घरी जायच्या. धीर सुटू नये म्हणून त्या वहीच्या मागच्या पानावर दिवसातली एक चांगली गोष्ट लिहायला लागल्या. ‘सातवीतल्या दांडगोबाने स्वतःहून पुस्तक मागितलं.’ ‘आज कोणी काही फाडलं नाही.’ काही दिवस लिहायला काहीच नसायचं.

ठिपकेवाल्यांवर मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. आणि खरंच, शाळा सुटली तरी हीच मुलं हलायची नाहीत. सगळ्यात चिवट होती पाचवीतली एक मुलगी. दप्तर भरायलाच अर्धा तास घ्यायची. बाईंनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं.

“बाई, आज किती वाजेपर्यंत उघडं आहे?” ती रोज विचारायची.

“तुझी दोन पानं वाचून होईपर्यंत,” बाई चिडवायच्या.

ती हसायची नाही. घड्याळाकडे बघायची.

महिनाभर तिच्याकडे आगगाड्यांवरचं एकच जाडजूड पुस्तक होतं. बाईंनी एकदा पुस्तकात घातलेली खूण पाहिली तर पान अकरा. पुढच्या आठवड्यातही अकराच. हिचा पुस्तक लाटायचा बेत दिसतोय, बाईंना वाटलं. एका पुस्तकापायी नोकरी जायची. त्यांनी कार्डावरचा नंबर लावला.

“अस्सं. आम्हाला तर सांगते, जादा तास असतो,” वडील शांतपणे म्हणाले. “बरं झालं कळवलंत.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच ते दारात हजर होते. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. आगगाड्यांचं पुस्तक त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवलं.

“तिची आई सातला येते कामावरून. मी सध्या घरीच असतो. आता रोज मीच न्यायला येत जाईन.”

“बाई, मी पुस्तकं लावू लागू का?” गोगलगायीने विचारलं. “सगळी लावते. खालच्या कपाटातलीपण.”

“अगं, बाबा खोळंबलेत. जा बघू.”

बाईंना फार बरं वाटलं. बाकीचे पालक फोनसुद्धा धड उचलत नव्हते. त्या दिवशी त्यांनी मागच्या पानावर लिहिलं, ‘असे वडील सगळ्यांना मिळोत.’

मग गोगलगाय ग्रंथालयात यायचीच बंद झाली. वर्गात भेटली तरी मान खाली. वर्षाच्या शेवटी शेवटी ती दोन आठवडे शाळेतच आली नाही. ताप असल्याची वडिलांची चिठ्ठी आली, अक्षर अगदी मोत्यासारखं. बाईंना जरा चुकचुकल्यासारखं झालं, पण मोजणी तोंडावर आली होती.

मोजणीत सगळी पुस्तकं भरली. मुख्याध्यापिकांनी कायम झाल्याचं पत्र हातात ठेवलं तेव्हा बाईंना रडूच आलं. पहिला फोन त्यांनी जुन्या बाईंना केला.

“तुमच्या लाल ठिपक्यांमुळे निभावलं बघा,” त्या म्हणाल्या. “चौघांच्याही घरी फोन लावत राहिले. एकही पुस्तक बुडालं नाही. आणि ती पाचवीतली, आठवते ना? तिला तर वडील रोज स्वतः येऊन घेऊन जायचे.”



“अगं, लाल ठिपका म्हणजे आई कामावरून येईपर्यंत लेकराला आपल्यापाशी ठेवायचं,” जुन्या बाई म्हणाल्या. “बापाच्या हाती द्यायचं नाही.”