मागाच्या ठेक्यावर फुगडी

गौरीपुढं फुगड्या रंगल्या होत्या. दरवर्षी ठणकणारे पाय उशीवर टेकवून नुसती बघत बसणारी शालन यंदा पदर खोचून उठली.

“अगं, पायांच्या शिरा फुगतील,” थोरली जाऊ म्हणाली.

“नाही फुगत, अक्का. शिरांत जिवंत झडपा बसवल्यात. पाय ज्या ठेक्यावर हलतील, त्या ठेक्यावर रक्त वर ढकलायला शिकतात. पहिल्या आठवड्यात जो ठेका शिकतात तोच कायम राहतो, म्हणून डॉक्टर म्हणाले होते, तेवढे दिवस सावकाश चाला.”

“मग चाललीस?”

“कुठली चालतेय? यंत्रमागावर उभी होते, मागाच्या ठेक्यावर पाय हलवत.”

अक्काचे हात धरून शालन गरगरली. पोटऱ्यांत खटाखट माग सुरू झाला. अक्का धापा टाकत बसली, मग नणंद, मग शेजारीण. शालनचे पाय थांबायला तयार नव्हते.

कुणीच उठेना, तेव्हा तिनं गौरीच्या मुखवट्यापुढं हात केले.

“बाई, आता तुम्हीच या.”