डॉक्टरांची मॉरिस

बेटेगाव सोडून थोडं पुढे येताच रामनाथची हिलमन टॅक्सी पुन्हा बंद पडली.

मागच्या सीटवर रंभाबाईची सून कळा सोसत होती. तिला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. दिवस मावळायला आला होता. रामनाथ खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून पुटपुटत राहिला.

"डॉक्टरांची मॉरिस घेतली असती, तर एव्हाना पालघर आलं असतं."

"मग नाय कशाला घेतलीस?" रंभाबाई किंचाळली. "इथं पोरीचा जीव जातो आनि तू मॉरिस घेऊन बसलास!"

रामनाथ बॉनेटमध्येच खुडबुडत राहिला. शेवटी तारापूरकडे खडी नेणारा एक ट्रक थांबला. सुनेला ड्रायव्हरच्या शेजारी चढवताना रंभाबाई वळून म्हणाली, "तुझ्या गाडीत पुन्ना पाय ठेवनार नाय."

ड्रायव्हर भला होता. वाट वाकडी करून त्यानं दोघींना दवाखान्याच्या दारात सोडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण बोईसरच्या बाजारात दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळ्यांना सगळं कळलं होतं. रामनाथ रात्री कुणाच्या तरी बैलगाडीत बसून घरी आला होता. गाडी रस्त्यावरच होती. बुधा मिस्त्री जाऊन ती घेऊन आला.

"काय मोडलं होतं?" रामनाथच्या बायकोनं, जमनानं विचारलं.

"काय नाय. वायर निसटलेली. लावली, चालू झाली." बुधानं हात पुसले. "दर वेळी हेच. आदी संध्याकाळची बंद पडायची, आता दुपारची पन पडते. मला तर काय समजत नाय, वैनी."

रामनाथ मूळचा एडवणचा. तारापूरला वीजघराचं काम निघालं, बोईसर स्टेशनावर साहेबलोक उतरू लागले, तेव्हा होडीतला आपला वाटा भावाच्या हवाली करून त्यानं टॅक्सी करायची ठरवली. भाऊ नको म्हणत होता. रामनाथनं ऐकलं नाही. महिनाभर जुन्या गाड्या बघत हिंडला. पालघरच्या डॉक्टरांची मॉरिस पाहिली, लहान वाटली. तारापूरच्या पारशीबाबाची ऑस्टिन पाहिली. तिचे टायर झिजले होते. एका इंजिनिअरची फियाट जवळजवळ ठरलीच होती, पण ती कुणा दुसऱ्यानं आदल्या दिवशी नेली. मग मुंबईच्या एका दलालाकडून ही हिलमन आली.

पहिली दोन वर्षं ती बरी चालली. मग तिचं हे असं सुरू झालं.

स्टेशनाबाहेर चहा पिताना रामनाथ कुणालाही धरून सांगायचा. ऑस्टिन कशी दणकट होती. फियाटचा आवाज कसा मऊ होता. मॉरिसची तर गोष्टच वेगळी. टांगेवाले एकमेकांना डोळे घालत. कुणी मुद्दाम विचारी, "रामनाथ, मॉरिस काय म्हनते?" आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागे.

रंभाबाईच्या प्रकारानंतर गिऱ्हाईक तुटलं. हिलमन दारासमोर उभी राहिली. तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या. बुधाला रामनाथ हात लावू देईना. "तिच्यात काय राम नाय," म्हणायचा. "मॉरिस असती तर गोष्ट वेगळी."

"होडी सोडलीत, आता गाडी पन सोडलीत," एकदा जमना चिडून म्हणाली. "मी बाजारात सुकट विकते, त्यावर घर चालतं. तुमी ओट्यावर बसून मॉरिस मॉरिस करता. मानसानं किती ऐकायचं?"

"तुला नाय कळायचं."

"मग कळंल असं सांगा की!"

तो उठून आत गेला. जाताना उंबऱ्याला ठेचाळला आणि उंबऱ्यालाही शिव्या घातल्या.

त्यानंतर आठ दिवस जमनानं चौकशी केली. पालघरचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला चालल्याचं तिला बाजारात कळलं होतं. तिचा भाऊ नामदेव वीजघराच्या कामावर ट्रक चालवत असे. त्याला घेऊन ती पालघरला गेली. आईनं दिलेल्या पाटल्या तिनं तिथल्याच सोनाराकडे मोडल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नामदेवनं मॉरिस दारात आणून उभी केली. शेजारची पोरं धावत आली. शेजारीण येसूबाई भाकरी थापायची सोडून पिठाच्या हातानं बाहेर आली.

"घ्या तुमची मॉरिस," जमना म्हणाली. "आता तरी गप बसा."

रामनाथ ओट्यावरून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला. कुणाला वाटलं, आनंदानं. त्यानं गाडीवरून हात फिरवला. दरवाजा, काच, पुन्हा दरवाजा. नामदेवनं हसत त्याला आत बसवलं आणि एंजिन चालू करून दिलं. एंजिन एका झटक्यात सुरू झालं. जमना पलीकडून येऊन त्याच्या शेजारी बसली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती त्याच्या शेजारी गाडीत कधी बसली नव्हती.

"निघा ना," ती म्हणाली. "केळव्याच्या देवीला जाऊन येऊ."

रामनाथनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तो हलला नाही.

"आता काय झालं? हिलाही काय झालं काय?"

"नाय. गाडी चांगली हाय." तो खाली मान घालून म्हणाला. "हिलमनला पन कदी काय झालं नवतं, जमने."

"मंजे?"

"सांगतो. आदी तू मला सांग, गाडीच्या पुढं कोन उभं हाय काय?"

जमनानं समोर पाहिलं. लख्ख उन्हात, बॉनेटला अगदी खेटून, हातात नारळ घेतलेला नामदेव थेट रामनाथच्या डोळ्यांत बघत हसत होता.