दहाच्या डोक्यावरचा सहा

"गावच्या टाकीच्या एका लिटर पाण्यात सत्तर लाख जंतू? असं लिहिलंत तर उद्या मोर्चा येईल, बाई," म्हणत मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल परत सरकवला. "शास्त्रीय पद्धतीनं लिहा."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी सात गुणिले दहाचा सहावा घात लिहिला. आकडा तोच राहिला, शून्यं तेवढी दिसेनाशी झाली. सहा तर दहाच्या डोक्यावर माशी बसावी एवढा बारीक होता.

सभेत नगराध्यक्षांनी अहवाल वाचला. "सात गुणिले दहा. म्हणजे फक्त सत्तर जंतू! एवढी बिनबोलावलेली माणसं तर आमच्याकडे रोज जेवायला असतात." टाळ्या पडल्या. टाकी धुण्याचा ठराव मागे घेतला गेला.

मग नगराध्यक्षांनी त्याच टाकीचं पाणी मागवलं. "पहिला मान साहेबांचा," म्हणत भरलेला पेला मुख्याधिकाऱ्यांच्या हातात दिला. सगळं गाव बघत होतं.

"बाई, या पेल्यात किती असतील?" साहेबांनी शेजारी बसलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंना हळूच विचारलं.

"शास्त्रीय सांगू, की लाखांत?"

साहेबांनी पेला खाली ठेवला, माइक जवळ ओढला आणि सगळी शून्यं गावाला परत केली.