प्रवासखर्च मंजूर

“आधी त्यांनी निम्मे पैसे द्यावेत, मग आम्ही निम्मे देऊ,” विभागाच्या कारकुनानं तिला पुन्हा एकदा सांगितलं आणि चहाचा कप जवळ ओढला.

परिषदवाल्यांचंही हेच म्हणणं होतं. आधी तुमच्या विद्यापीठानं निम्मे द्यावेत. दोघंही इतके सभ्य, की ‘आधी तुम्ही’ म्हणत दारातच अडून राहिलेले. ती दाराबाहेर ताटकळत.

तिचा पेपर संगणकशास्त्राच्या मोठ्या परिषदेनं स्वीकारला होता. परिषद समुद्रापलीकडच्या शहरात. पेपरचा विषय, कुठल्याही दोन गावांमधला सोपा रस्ता शोधणारा प्रोग्रॅम. लिहिणारी मात्र पीएच.डी.च्या चौथ्या वर्षापर्यंत घर ते प्रयोगशाळा एवढाच रस्ता तुडवत आलेली.

खरं सांगायचं तर तिला पेपरचं एवढं काही नव्हतं. तो छापून येणारच होता. तिला विमानात बसायचं होतं, तेही खिडकीशी. वरून समुद्र बघायचा होता, अनोळखी शहरात एकटीनं भटकायचं होतं. हे तिनं फक्त आईला सांगितलं. आईनं ते गुपित ठेवलं, म्हणजे फक्त मावशीला सांगितलं. मावशीनं दुसऱ्याच दिवशी आपली चाकांची बॅग पाठवून दिली.

गाईडसरांसमोर मात्र असलं काही बोलायची सोय नव्हती. सर स्वतः गावाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की आजारी पडत. विभागात त्यांना सगळे ‘नकारघंटा’ म्हणत. त्यांच्यापुढे तिनं शहाण्यासारखं तोंड केलं.

“सर, मला बाकी काही नको. माझं काम त्या लोकांसमोर मांडायला मिळालं पाहिजे, बस्स.”

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तेवढं खरं होतं. सरांनी उगाच चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “बघतो.”

सरांचं ‘बघतो’ म्हणजे नाहीच, हे विभागातल्या कुणालाही सांगावं लागत नसे. त्यानंतर तर ते हाताला लागेनात. खोलीचं दार बंद, आत फोन चालू. ती दिसली की बोलणं थांबायचं. एकदा ते शिपायाबरोबर सभागृहातल्या मोडक्या खुर्च्या बाजूला काढताना दिसले. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना खुर्च्यांचं पडलंय! तिला मनापासून राग आला.

शेवटी तिनंच डोकं लढवलं. कारकुनाला आणि परिषदेत मदतनिधी सांभाळणाऱ्या बाईंना तिनं एकाच व्हिडिओ कॉलवर समोरासमोर आणलं. आधी कुणीच द्यायचं नाही, दोघांनी एकदम मंजुरीचं बटण दाबायचं, ती तीन म्हणेल तेव्हा. कारकुनाला हा प्रकार पोरकट वाटला. बाईंना हसू आवरेना. पण तीन म्हटल्यावर दोघांनीही दाबलं.

मंजूर!

तिनं आईला फोन केला. मावशीला आईनं केला. मग ती धावत सरांच्या खोलीकडे गेली. आज दार उघडं होतं आणि सर उभेच होते. इतक्या वर्षांत तिनं त्यांचं एवढं मोठं हसू पाहिलं नव्हतं. ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हातानंच थांबवलं.

“आधी माझं ऐक. परिषदेला जागा देणाऱ्या तिकडच्या विद्यापीठानं ऐनवेळी हात वर केले. त्यांची इमारतच दुरुस्तीला निघाली. नवी जागा नक्की होईपर्यंत कुणाशी, अगदी त्यांच्या बाकीच्या लोकांशीही, बोलायचं नाही, असं संयोजकांनी बजावलं होतं. तुझ्या पैशांचं काही जमेना, म्हणून मी यात उडी घेतली. कुलगुरूंच्या हातापाया पडलो. आत्ताच फोन आला. परिषद आपल्याकडे, खालच्या सभागृहात.”

ती मटकन खुर्चीत बसली. पोरीला आनंद झेपेना, असं सरांना वाटलं, आणि त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

“आता तुला कुठ्ठं म्हणून जावं लागणार नाही.”