कुलपातल्या सुऱ्या

"बाकीचे वकील अशिलाची आठवण डोक्यात उतरवताना औषध घेऊन ती बोथट करतात. मी आख्खी घेते," दाभाडे वकीलबाई म्हणाल्या होत्या. म्हणूनच शेवंताबाईंनी त्यांना निवडलं. वकीलबाईंच्या घरातल्या सुऱ्या म्हणे कायम कुलपात असत. कुठल्या खुन्याची आठवण हातात कधी जागी होईल, याचा नेम नव्हता.

सुनेचा खून झाला तेव्हा शेवंताबाई लेकीकडे गेल्या होत्या. हत्यार सापडलंच नव्हतं. पोलिसांनी त्यांच्या मुलाला, हेमंतला, उगाच धरलं होतं, आणि आज वकीलबाईंना ते स्वतःच आठवणार होतं.

वकीलबाई हेमंतची आठवण घेऊन तुरुंगातून घरी परतल्या तेव्हा त्यांचे यजमान विळीवर भेंडी चिरत बसले होते. तिथेच वाट बघत बसलेल्या शेवंताबाई लगबगीने उठल्या. "पटलं ना आता?"

"आठवणीतलं बोलायला कायद्याने बंदी आहे, मावशी. पण केस मी जीव तोडून लढेन."

शेवंताबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाईंची नजर भेंडीकडे गेली आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आजपासून विळीसुद्धा कुलपात ठेवा."

शेवंताबाईंना आपल्या घरची विळी आठवली. सून गेल्यापासून त्या रोज त्याच विळीवर भाजी चिरत होत्या.